ठिणगीचा शोध

चांदवडच्या डोंगराखाली बसून बोटीच्या इंजिनाविषयी बोलावयाचे, हे ऐकणाऱ्याला थोडे चमत्कारिक वाटेल. आपल्या तालुक्याला समुद्र नाही, नौका चालावी अशी नदीही नाही. आपले पाण्याशी नाते आहे ते विहिरीच्या तळाशी आणि मृगाच्या ढगांशी. असे असताना होडीच्या मागे लावलेल्या यंत्राची ठिणगी हरवली काय आणि सापडली काय, त्याचे आपल्याला काय सोयरसुतक, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही.

परंतु जरा विचार केला तर ही ठिणगी आपल्या चांगल्याच ओळखीची निघेल. राहुडच्या घाटात स्कूटरला किक मारमारून घामाघूम झालेला माणूस, वडनेर भैरवच्या द्राक्षबागेत पाठीवरच्या पेट्रोल पंपाची दोरी ओढणारा शेतकरी, आणि कोकणच्या खाडीत छोट्या होडीच्या मागे टांगलेल्या इंजिनाची दोरी ओढणारा कोळी, या तिघांचे दुखणे एकच असते. आपले मिस्त्री त्याला तीन शब्दांत नाव देतात : 'करंट येत नाही.' फरक आहे तो परिणामाचा. स्कूटर बंद पडली तर माणूस ती ढकलीत घरी आणतो. पंप बंद पडला तर फवारणी उद्यावर जाते. होडी बंद पडली तर मात्र ओहोटी तिला कोठे नेईल हे कोणी सांगावे ! १९१९ साली नव्हे, अगदी अलीकडे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर भागात कृष्णा-पंचगंगेचा महापूर आला, तेव्हा घरांच्या छपरांवर बसलेल्या माणसांपर्यंत ज्या रबरी नावा पोहोचल्या त्यांच्या मागे अशीच दोरीने सुरू होणारी इंजिने होती. वर्षाचे अकरा महिने गोदामात पडून राहिलेले यंत्र ज्या दिवशी हवे त्याच दिवशी ठिणगी देईल की नाही, हा प्रश्न त्या वेळी विज्ञानाचा राहत नाही, तो जिवाचा होतो.

म्हणून आज या ठिणगीचा इतिहास सांगावयाचा आहे. त्यात एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. इंजिनात ठिणगी ज्या वाटेने येते त्या वाटेवरचा एकेक भाग कोणत्या ना कोणत्या अडचणीतून, कोणा ना कोणा माणसाच्या डोक्यातून निघालेला आहे. ती अडचण ज्याला ठाऊक आहे त्याला तो भाग बिघडला म्हणजे काय होईल हेही ठाऊक होते. तेव्हा ठिणगीचा इतिहास जाणणे आणि हरवलेली ठिणगी शोधणे ही दोन कामे वेगळी नाहीत. इतिहास उगमाकडून मुखाकडे येतो, आणि शोध मुखाकडून उगमाकडे जातो, एवढेच.

या कथेचा आरंभ इंजिनाच्या जन्माआधी कितीतरी वर्षे होतो. १७७६ साली इटलीतील आलेस्सांद्रो व्होल्टा या पंडिताने मॅजोरे सरोवराच्या काठच्या दलदलीतून बुडबुड्यांनी वर येणारा वायू गोळा केला. तो पेटतो हे त्याला आढळले. आज गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. व्होल्टाने तो हवेबरोबर एका बंद भांड्यात भरला आणि आत विजेची ठिणगी पाडली. आवाज झाला आणि भांड्याचे बूच उडाले. त्याने त्याला पिस्तूल म्हटले. कोमो गावाहून मिलानपर्यंत तार नेऊन तेथले पिस्तूल येथून उडविता येईल, अशी कल्पनाही त्याने मांडली होती. बंद जागा, जळणारा वायू, ठिणगी आणि पुढे ढकलले जाणारे बूच : इंजिनाची सारी सामग्री येथे जमली होती. बुचाच्या जागी दट्ट्या आला असता तर इंजिन झाले असते. परंतु ते पाऊल टाकून रोजच्या वापराचे इंजिन व्हावयास पुष्कळ वर्षे लागली.

मध्यंतरी वीज निर्माण करण्याची आणि तिचा दाब वाढविण्याची विद्या तयार व्हावयाची होती. १८३१ साली मायकेल फॅरेडेने दाखविले की तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकत्व बदलले की तारेत वीज उमटते. चुंबक नुसता ठेवून काही होत नाही. तो हलला पाहिजे, बदल झाला पाहिजे. आणि बदल जितका झटकन् होईल तितका विजेचा दाब अधिक. हे एक वाक्य ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे यंत्र समजावयास सोपे जाते. १८३६ च्या सुमारास आयर्लंडमधील निकोलस कॅलन या धर्मगुरूने जाड तारेच्या थोड्या वेढ्यांवर बारीक तारेचे पुष्कळ वेढे घेतले, आणि जाड तारेतला प्रवाह एकदम तोडला की बारीक तारेत जबर दाबाची वीज येते हे दाखविले. १८५१ पासून पॅरिसच्या रूमकॉर्फने अशी वेटोळी इतकी उत्तम बनविली की त्याचे नावच त्यांना चिकटले. या वेटोळ्यालाच आपण आज कॉइल म्हणतो.

परंतु येथे एक अडचण उभी राहिली. प्रवाह तोडण्यासाठी धातूचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर केले की त्यांच्यामध्येच ठिणगी पडे. त्यामुळे प्रवाह झटकन् तुटत नसे आणि तुकडेही जळत. १८५३ साली फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो याने त्या तुकड्यांच्या बाजूला एक विद्युत्-संग्राहक जोडला. तुटताना उसळणारी वीज क्षणभर तो आपल्यात साठवून घेतो; तुकड्यांमधली ठिणगी मरते आणि खऱ्या ठिकाणची ठिणगी जोरदार होते. जुन्या स्कूटरच्या चाकाखाली पॉइंटशेजारी बसविलेली बोटाच्या पेराएवढी डबी, ज्याला मिस्त्री कंडेन्सर म्हणतात, ती हीच.

१८६० साली पॅरिसमध्ये एत्येन लन्वार याने गॅसवर चालणारे इंजिन सिद्ध केले आणि त्यात रूमकॉर्फचे वेटोळे वापरले. चिनी मातीच्या नळीतून तार आत नेऊन तिच्या टोकाशी ठिणगी पाडण्याची युक्ती येथे आली. आजचा स्पार्क प्लग तिचाच वंशज. मात्र लन्वारच्या यंत्राला बॅटरी लागे आणि ती बॅटरी म्हणजे तेजाबाने भरलेली भांडी. ठिणगीचा भरवसा नसे. म्हणून १८७६ साली निकोलाउस ओटो याने आपले प्रसिद्ध चार धावांचे इंजिन बनविले तेव्हा ठिणगीचा नाद सोडून ज्योतीनेच वायू पेटविला. त्याच्याकडे काम केलेल्या गॉटलीप डाइम्लर याने पुढे निराळा उपाय काढला. सिलिंडरला एक लहान नळी जोडावयाची आणि ती बाहेरून दिव्याने लाल तापवून ठेवावयाची. दाबलेला वायू त्या तापलेल्या नळीत शिरला की पेट घेई.

आणि आता आपण बोटीशी आलो. डाइम्लर आणि त्याचा सहकारी मायबाख यांनी १८८६ च्या उन्हाळ्यात कानश्टाट येथे नेकार नदीवर एका लहान होडीत आपले इंजिन बसवून ती चालविली. त्या काळी लोकांना पेट्रोलची फार भीती वाटे. होडीत बसलो आणि स्फोट झाला तर, अशी शंका प्रत्येकाच्या मनात. डाइम्लरने यावर जी तोड काढली ती मोठी गमतीची सांगतात. त्याने होडीच्या कडेने तारा आणि चिनी मातीच्या चिमण्या बसविल्या, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावे की ही होडी विजेवर चालते ! ज्या इंजिनात विजेचा लवलेश नव्हता, ठिणगीसुद्धा नव्हती, ते विजेचे म्हणून मिरविले गेले. पुढे काही वर्षे बोटींची इंजिने हाच डाइम्लरच्या कारखान्याचा मोठा आधार राहिला. तेव्हा मोटारीच्या या घराण्याचे बाळपण पाण्यावर गेले असे म्हणावयास हरकत नाही.

तापलेल्या नळीचे दोष लवकरच ध्यानात आले. पेट्रोलच्या टाकीजवळ सतत उघडी ज्योत. वारा सुटला की ती विझणार, होडी डोलली की भडकणार. शिवाय वायू केव्हा पेटावा यावर ताबा नाही. त्याच सुमारास मॅनहाइम येथे कार्ल बेन्झ याने आपल्या मोटारगाडीत बॅटरी आणि वेटोळे वापरून ठिणगीच पत्करली. परंतु ठिणगी म्हणजे सर्व प्रश्नांतला मोठा प्रश्न, असे त्यालाही म्हणावे लागले. बॅटरी थोड्या मैलांत थकत असे.

हा प्रश्न सोडविला तो रॉबर्ट बॉश याच्या कारखान्याने. १८८६ साली श्टुटगार्टमध्ये बॉशने एक लहानसे दुकान काढले. दुसऱ्याच वर्षी एका गिऱ्हाइकासाठी त्याने जागेवर बसविलेल्या इंजिनाचा मॅग्नेटो तयार केला. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीवाचून वीज देणारे यंत्र. इंजिन फिरले की चुंबक आणि वेटोळे यांची हालचाल होते आणि इंजिन आपली ठिणगी आपणच निर्माण करते. १८९७ मध्ये त्याने हे यंत्र एका तीनचाकी मोटारीला बसविले, आणि १९०२ साली त्याच्याकडील गॉटलोब होनोल्ड या इंजिनियराने जबर दाबाचा मॅग्नेटो व त्याला जोडलेला स्पार्क प्लग यांची जोडी तयार केली. बॅटरी नको, ज्योत नको. ओल्या हवेत, धावत्या गाडीत, डोलत्या होडीत ठिणगी मिळू लागली. होडीला तर हे वरदानच होते. १९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे ओले एव्हिनरूड याने होडीच्या मागे टांगावयाचे सुटे इंजिन बाजारात आणले. हा एव्हिनरूड मूळचा नॉर्वेचा. पुढे अशा इंजिनांच्या जड चाकातच चुंबक बसवून मॅग्नेटो त्याच्या पोटात दडविण्यात आला. आजही दोरी ओढून सुरू होणाऱ्या इंजिनाच्या डोक्यावरची टोपी काढली की ते चाक दिसते.

या भरवशाच्या वस्तूवर जगाचे किती अवलंबून आहे हे १९१४ साली कळून आले. जर्मनीशी युद्ध जुंपले आणि ब्रिटनच्या ध्यानात आले की आपल्या विमानांना, लॉऱ्यांना, मोटारींना लागणारे मॅग्नेटो जवळजवळ सगळे जर्मनीतून येत होते. इंजिने आपली, माणसे आपली, पेट्रोल आपले. ठिणगी मात्र शत्रूच्या घरची! घाईघाईने देशात मॅग्नेटोचे कारखाने काढावे लागले. राष्ट्राची सत्ता तोफांत मोजण्याची आपल्याला सवय असते; पण कधी कधी ती मुठीत मावणाऱ्या वस्तूपाशी अडते, हा या प्रसंगाचा धडा आहे.

आता आपण कल्पनेने खाडीतल्या होडीत बसू. दोरी ओढून झाली, इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. अशा वेळी गोंधळलेला माणूस दिसेल तो स्क्रू फिरवू लागतो, आणि एका बिघाडाचे तीन करून ठेवतो. होळकरांच्या अमलात चांदवडला टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया दूरवर चाले. त्या काळचा सराफ रुपया हाती आला की आधी दगडावर वाजवून पाही. वजन, कस, छाप यांचा विचार मागाहून. एका लहानशा परीक्षेने बराच संशय फिटावा, ही त्यातली मेख. ठिणगीच्या शोधातही पहिली परीक्षा अशीच आहे.

प्लग काढावा, तो टोपीत पुन्हा बसवावा, त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावे आणि दोरी ओढावी. त्याआधी मात्र होडीच्या तळाशी पेट्रोल सांडलेले नाही, वाफ कोंडलेली नाही आणि प्लग त्याच्या भोकापासून दूर धरला आहे, याची खात्री करून घ्यावी. नाहीतर व्होल्टाचे पिस्तूल आपल्याच होडीत उडावयाचे. उघड्या हाताने तार धरू नये. निळसर, कडकडीत ठिणगी पडली तर दोष ठिणगीचा नाही. पेट्रोलच्या वाटेकडे वळावे. पिवळट, मरगळलेली पडली तर साखळी अशक्त आहे. मुळीच पडली नाही तर साखळी तुटली आहे.

दुसरी परीक्षा फुकटची आहे. इंजिन दोन सिलिंडरांचे असेल तर एकाच प्लगची ठिणगी गेली की दोन्हींची, हे पाहावे. एकाची गेली तर दोष त्याच्या एकट्याच्या फांदीवर आहे. दोन्हींची गेली तर दोन्हीकडचे भाग एकाच वेळी मरणे दुर्मीळ. दोष दोघांच्या समाईक बुंध्यात शोधावा.

यानंतर मुखाकडून उगमाकडे चालावे. पहिला प्लग. त्याची फट अर्ध्या मिलिमीटरपासून पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. तीत काजळी, तेल किंवा खारट ओल साचली की विजेला उडी मारण्याचे कारणच उरत नाही. ती सोप्या वाटेने घसरून जाते. नवा प्लग लावून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग. म्हणून शहाणा तांडेल एक कोरा प्लग मेणकापडात गुंडाळून जवळ ठेवतो.

दुसरे, थांबविण्याचे बटण. येथे मॅग्नेटोची एक खोड समजून घेतली पाहिजे. घरातल्या दिव्याचे बटण तार तोडून दिवा विझविते. मॅग्नेटोला बॅटरीच नसल्यामुळे तोडावयाचे काय ? म्हणून येथे उलटे करतात : बटण दाबले की वेटोळ्याची वीज इंजिनाच्या अंगात उतरते आणि ठिणगी मरते. याचा अर्थ असा की बटणात पाणी शिरले, किंवा त्याची तार घासून अंगाला टेकली, की इंजिनाला कोणीतरी सतत 'थांब, थांब' असेच सांगत राहते. आजच्या होड्यांत चालकाच्या मनगटाला बांधावयाची दोरी असते. तो पाण्यात पडला तर ती निसटून इंजिन थांबते. ती जागेवर अडकविलेली नसेल तरीही ठिणगी मिळत नाही. बटणाकडे जाणारी तार क्षणभर सोडवून पुन्हा परीक्षा करावी. ठिणगी आली तर चोर सापडला. ही तार सोडवून इंजिन सुरू केले तर ते बटणाने थांबणार नाही, एवढे मात्र विसरू नये.

तिसरे, जाड तार आणि प्लगची टोपी. येथून हजारो व्होल्टची वीज जाते. रबराला तडा असेल तर ती बाहेरच उडी घेते. अंधारात पाहिले म्हणजे तारेवर बारीक निळे किडे चमकताना दिसतात. मिठाचा थर हा या ठिकाणचा हाडवैरी.

चौथे, जुन्या इंजिनात, पॉइंट आणि कंडेन्सर. इंजिन महिनोन् महिने पडून राहिले की पॉइंटच्या तोंडावर गंज चढतो आणि प्रवाह सुरूच होत नाही. मग तोडावयाचे काय? बारीक काचपेपरने तोंडे घासून, कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढून स्वच्छ करावी. पॉइंट फार जळालेले, खड्डे पडलेले दिसले तर त्यांना दोष देऊ नये. फिझोची डबी मेली आहे असे समजावे. पूर आला की नाव सुरू होत नाही याचे कारण बहुधा पुरात नसते. आदल्या सात-आठ महिन्यांत कोणी एकदाही दोरी ओढली नाही, यात ते असते.

पाचवे, कॉइल आणि चुंबकाचे चाक. कॉइलच्या आत तार तुटली तर मीटरवाचून कळत नाही. मीटर ओहमवर ठेवून ती मोजावी. कॉइलचे लोखंड आणि चाकाचे चुंबक यांतले अंतर जाड कागदाएवढेच असावे लागते. ते वाढले किंवा मध्ये गंज आला की फॅरेडेचा नियम पाळला जात नाही. दोरी हळू ओढली तरी तेच होते. बदल झटकन् नाही, म्हणून दाब नाही. चाक आसावर पक्के धरणारी एक लहान चावी असते. पंखा खडकावर आपटला की ती कधी कापली जाते. मग ठिणगी पडते, पण अवेळी. आणि अवेळी पडलेली ठिणगी नसल्यासारखीच.

सर्वांत शेवटी नव्या इंजिनातली काळी डबी. सत्तरच्या दशकापासून पॉइंटची जागा हळूहळू इलेक्ट्रॉनिक जोडणीने घेतली. तिला घासावयाचे पॉइंट नाहीत, बदलावयाचा कंडेन्सर नाही. ती वर्षानुवर्षे निमूटपणे काम करते हा तिचा मोठा गुण. परंतु ती राळेत बुडवून बंद केलेली असते. उघडून पाहता येत नाही, म्हणून संशय आधी तिच्यावरच जातो. पुष्कळ मालक ती महागडी डबी बदलतात आणि मागाहून त्यांना बटणाची घासलेली तार दिसते. जे दिसत नाही त्यावर आळ घेण्यापूर्वी जे दिसते ते सारे तपासून घ्यावे, हा नियम येथे पैसे वाचवितो आणि समुद्रात वेळ वाचवितो.

येथवर ठिणगी टिकविण्याच्या खटपटीचा इतिहास झाला. पण याच्या जोडीने दुसरा एक इतिहास चालला होता, तो ठिणगीला रजा देण्याचा. १८९० साली इंग्लंडात अक्रॉइड स्टुअर्टने असे इंजिन काढले की ज्यात एक लोखंडी गोळा आरंभी दिव्याने तापविला की पुढे तो आपल्याच उष्णतेने तापून राही आणि तेल पेटवी. हॉर्न्स्बी कंपनीने ती इंजिने बनविली आणि युरोपच्या उत्तरेकडील कोळ्यांनी या जातीची इंजिने होड्यांत बसविली. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डीझेलचे इंजिन यशस्वी झाले. त्यात गोळाही नाही. हवा इतकी दाबावयाची की तीच लालबुंद लोखंडासारखी तापते, आणि तीत तेलाची फवार सोडली की ती आपोआप पेटते. प्लग गेला, कॉइल गेली, मॅग्नेटो गेला. खाऱ्या ओलाव्याला चावावयाला काही उरलेच नाही.

आपल्या किनाऱ्यावर होड्यांना इंजिने आली ती मुख्यतः या दुसऱ्या जातीची. स्वातंत्र्यानंतर त्यावेळच्या मुंबई राज्याने मच्छीमार नौकांना इंजिने बसविण्यासाठी कर्जे आणि मदत दिली. पालघरच्या किनाऱ्यावरील सातपाटी हे कोळ्यांचे गाव, आपल्या सहकारी संस्थांच्या बळावर, या कामात पुढे राहिले. १९५२ साली भारत आणि नॉर्वे यांच्यात करार होऊन केरळात जो मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला त्यातही लहान डीझेल नौकांवर भर होता. शिडाची होडी वाऱ्याची वाट पाही. इंजिनाची होडी दूरच्या पाण्यात जाऊन मासळी ताजी असताना परत येऊ लागली. ठिणगीवर चालणारी सुटी इंजिने राहिली ती खाडीतल्या लहान होड्यांत आणि पुराच्या नावांत. कारण ती हलकी असतात आणि दोन माणसे ती उचलून नेऊ शकतात.

आणि येथे समुद्राचा धागा पुन्हा आपल्या विहिरीला येऊन मिळतो. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने तीसच्या दशकात डीझेल इंजिने बनविली. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. पुढे चिंचवडला रस्टन-हॉर्न्स्बीची इंजिने होऊ लागली. नावातला हॉर्न्स्बी तोच, अक्रॉइड स्टुअर्टच्या गोळ्याचा. या इंजिनांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी मोटेचे बैल सोडविले. सातपाटीची होडी आणि चांदवडची विहीर एकाच जातीच्या इंजिनाच्या फटफटीने जागी झाली, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

याहूनही जवळचा एक दुवा आहे. १९५१ साली बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपल्या तोंडी बसलेली मायको, स्थापन झाली. तिच्यामागे होता श्टुटगार्टचा तोच बॉश. मायकोने स्पार्क प्लग बनविले आणि डीझेलची फवार सोडणारी यंत्रेही बनविली. आपल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरांवर, नाशिकच्या सातपूरला तिचा जो कारखाना उभा राहिला तो या फवाऱ्याच्या तोट्यांसाठी. पुढे कंपनीचे नाव बॉश झाले. ज्या घराण्याने ठिणगी भरवशाची केली त्यानेच ठिणगीवाचून चालणाऱ्या इंजिनाचेही काम पत्करले, आणि त्या कामात आपल्या जिल्ह्यातल्या हजारो हातांना रोजगार मिळाला. या कामाला सूक्ष्म मापाची शिस्त लागते. तोटीचे भोक केसाहून फार मोठे नसते.

डीझेल आले म्हणजे शोध संपला असे मात्र नाही. तेथे ठिणगी हरवत नाही, पण तेलाच्या नळीत हवा शिरते आणि इंजिन तितकेच मुके होते. रीत तीच : तोटीपासून टाकीकडे, एकेक सांधा तपासत जावयाचे. उद्या विजेवरच्या होड्या सर्वत्र झाल्या, आणि डाइम्लरने ज्या तारा केवळ दिखाव्यासाठी लावल्या होत्या त्या खऱ्या झाल्या, तरीही कोठेतरी एखादा सांधा गंजेल आणि कोणाला तरी तो शोधावा लागेल.

यंत्रे अधिकाधिक बंद डब्यांची होत चालली आहेत. बिघडले की डबी बदला, हा सल्ला गावात सोपा असतो. पुराच्या पाण्यात आणि किनारा दिसेनासा झालेल्या होडीत दुकान नसते. तेथे ज्याला साखळीचा क्रम ठाऊक आहे त्याचाच उपयोग. आपली मुले आय. टी. आय. मध्ये हा क्रम पाठ करतात. त्यांना त्याबरोबर प्रत्येक कडी कोणत्या अडचणीतून आली हेही कोणी सांगितले, तर पाठांतराची समज होईल. आणि आपल्या ग्रामपंचायतींच्या, अग्निशमन दलांच्या गोदामांत जी जी इंजिने पावसाळ्याची वाट पाहत पडून आहेत, त्यांची दोरी महिन्यातून एकदा ओढून पाहण्यास खर्च काही येत नाही. ठिणगी पडली तर टोपी लावून ठेवावी. पडली नाही तर शोधावयास वैशाख-जेष्ठाचे दिवस हाताशी असतात. आषाढात ते नसतात.